भर दुपारची रात्र

त्या खोलीत सकाळी सहाला रात्र पडायची आणि संध्याकाळी आठला उजाडायचं.

भात संशोधन केंद्राच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या बोळात ती दहा बाय बाराची खोली होती. खिडक्या काळ्या रंगाने लिंपलेल्या, दाराच्या फटींना रबर ठोकलेलं, छताला दिव्यांच्या पट्ट्या आणि त्यांना चालू-बंद करणारं एक घड्याळ. दिवसा सगळ्या केंद्राची यंत्रं चालतात, तेव्हा एवढ्या दिव्यांचा भार जुन्या वायरींना झेपत नाही. म्हणून इथला दिवस रात्री आणि इथली रात्र दिवसा. आत चौदा कुंड्या, कुंड्यांत भात, आणि त्या भाताला सांभाळायला काकू.

केंद्रात तिला सगळे घड्याळकाकू म्हणत. सकाळी अकराला कुणी चुकून त्या दाराला हात लावला की ती बोळाच्या टोकावरून ओरडायची, "मध्यरात्र व्हायला आली रे! आत झोपलेत!" साडेबाराला ती डबा खायला फाटकाशी जायची, तेव्हा पहारेकरी रोज विचारायचा, "काय काकू, झाली का झोप मंडळींची?" आणि काकू रोज म्हणायची, "तुझ्याइतकी नाही झाली. ते काही पगार घेऊन झोपत नाहीत."

सव्वीस वर्षं काकू भाताची लग्नं लावत होती. शिक्षण सातवीपर्यंत. पण भाताच्या दाण्याएवढ्या फुलातून सहा पुंकेसर चिमट्याने उपसायचे आणि बाकीच्या फुलाला ओरखडा उमटू द्यायचा नाही, तिथे पदव्यांची भेंडोळी कामाची नाहीत. तिथे बोट लागतं, आणि तसं बोट अख्ख्या केंद्रात एकट्या काकूला होतं. केंद्राने आजवर सात वाण काढले. सातही वाणांच्या माहितीपत्रकांवर साहेबांचे फोटो आहेत. एकावरही चिमटा नाही. असो. असो म्हणायची सवय लागते माणसाला, हेच वाईट.

या वेळचं लग्न मात्र अवघड होतं. नवरा लंबू, नवरी ठेंगू. लंबू म्हणजे जुना, माणसाच्या डोक्यावरून जाणारा भात. शिजायला लागला की शेजारचं माणूस काहीतरी मागायच्या निमित्ताने घरात डोकावून जाईल असा वास, पण वारा जरा सुटला की गडी आडवा. ठेंगू कमरेच्याही खाली, ताठ, वादळाला न जुमानणारा. चव मात्र पुठ्ठ्याची. उंची वाढवणारा रस तयार करणारं एक जनुक ठेंगूत अर्धमेलं आहे, म्हणून तो बुटका. ते अर्धमेलं जनुक लंबूच्या पोरांत आणायचं, म्हणजे वास लंबूचा आणि कणा ठेंगूचा, असा डॉक्टरीणबाईचा बेत.

डॉक्टरीणबाई म्हणजे डोक्यावर चष्मा ठेवून खोलीभर चष्मा शोधणारी तिशीतली पोरगी. माणसांची डॉक्टर नव्हे, भाताची. चार माणसांत काकू तिला बाई म्हणायची, एकटी असली की अगं.

अडचण अशी होती की ठेंगू वय मोजून फुलतो आणि लंबू रात्र मोजून. ठेंगूचे दिवस भरले की तो फुलणार, बाहेर काहीही असो. लंबू मात्र रात्र लांबल्याशिवाय पोटरीत यायचा नाही, म्हणजे त्याच्या ताटाच्या पोटात लोंबी धरायची नाही. आणि बाहेर सध्या रात्री आखूड. म्हणून तर ही खोली. लंबूला रोज चौदा तासांची खोटी रात्र दाखवून फसवायचं, म्हणजे दोघं एकाच आठवड्यात फुलतील. भाताचा पराग पाच-दहा मिनिटं जगतो. नवरा महिनाभर उशिरा आला तर नवरीने करायचं काय?

आणि नवरा येईना. आठ आठवडे झाले. काचघरातल्या ठेंगूच्या लोंब्या बाहेर डोकवायला लागल्या आणि खोलीतला लंबू आपला ढिम्म, नुसती पानं काढत उभा.

सोमवारी सकाळी साहेबांचा कागद आला. कागद आणून दिला हेडबाईंनी. हेडबाई म्हणजे केंद्राच्या मुख्य कारकून आणि साहेबांच्या घरच्याही मुख्यच, कारण त्या साहेबांच्या पत्नी. दोन महिन्यांपूर्वी साहेबांची साखर वाढलेली निघाल्यापासून साहेबांचा डबासुद्धा हेडबाईंच्या कपाटात कुलपात असायचा, आणि साहेब तेव्हापासून सगळ्या जगावर डाफरत हिंडायचे.

"मी फक्त टाइप केलंय हं काकू," हेडबाई म्हणाल्या. "शब्द त्यांचे."

शब्द असे होते: कामगाराच्या निष्काळजीपणामुळे प्रयोग वाया गेला आहे. शनिवारी सकाळी नऊ वाजता माळ्याने चौदाही झाडं उपटावीत. खोली जुन्या फायली ठेवण्यास द्यावी. कामगारास आवक-जावक विभागात बसवावे.

काकूने कागद दोनदा वाचला. मग तरातरा साहेबांच्या खोलीत गेली. दारावर टकटक वगैरे काही नाही.

"साहेब, निष्काळजीपणा कसला केला मी?"

साहेब फायलीतून वर न बघता म्हणाले, "काहीतरी केलाच असेल ना. पाणी कमी, पाणी जास्त. झाडं काय आपोआप बिघडतात?"

"मग माणसं कशी बिघडतात आपोआप?"

"हे बघा काकू, आवक-जावकला पंखा आहे, खुर्ची आहे. बसा आता निवांत. शिक्के मारा."

निवांत! चिमटा धरणाऱ्या बोटांनी पाकिटांवर शिक्के मारायचे, आणि वर कपाळावर 'निष्काळजी' हा शिक्का घेऊन. काकू तशीच बाहेर पडली. आणखी थांबली असती तर त्या खोलीतली शाईची दौत शाबूत राहिली नसती.

मंगळवारी डॉक्टरीणबाई धावतच बोळात आली. लंबूची पानं तिने तीन वेळा मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवली होती, त्यांचा निकाल आला होता.

"काकू, मला वाटलं होतं फुलोऱ्याचं जनुकच बिघडलंय. पण नाही हो! सगळं जिथल्या तिथे आहे."

"मला कळेल असं सांग."

"पानात जनुकांची एक साखळी असते. एक रात्र मोजतं. त्याचं ऐकून दुसरं हलतं. आणि रात्र पुरेशी लांब झाली की तिसरं एक निरोप्या तयार करून शेंड्याकडे धाडतं, की बाबा, पानं पुरे झाली, आता लोंबी काढ. तर हे तिघंही धडधाकट आहेत. फक्त निरोप्या तयारच होत नाहीये. का होत नाहीये, ते काही कळत नाही."

पदराआड वगैरे हसण्यातली बाई नव्हे काकू. ती सरळ खो खो हसली.

"हसताय काय? माझी तीन वर्षं बुडतायत."

"अगं, मोजणारा धड आहे, लिहिणारा धड आहे, तरी निरोप निघत नाही. म्हणजे मोजणाऱ्याला रात्र लांब वाटतच नाहीये. त्याच्या रात्रीच्या मध्यात कुणीतरी उजेड पाडतंय."

"घड्याळ मी दर आठवड्याला तपासते. दिवे आपोआप लागत नाहीत."

"दिव्यांचं नाही म्हणत मी. चौदा तासांची रात्र मधोमध फोडली की काय उरतं? दोन तुकडे, दोन्ही आखूड. तूच शिकवलंस ना मला हे?"

डॉक्टरीणबाईने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. तिचा चेहरा असा झाला, जणू शिकवलेलं तिने स्वतःच कधी ऐकलं नव्हतं.

"आणखी एक सांग," काकू म्हणाली. "पानं तोडलीस ती कुठल्या कुंड्यांची?"

"समोरच्या. दाराजवळच्या तीन."

"तिन्ही वेळा?"

"हो... हाताशी होत्या म्हणून."

शिकलेल्या माणसांचं हे एक असतं. अख्ख्या शेताचं भविष्य सांगतील, पण नमुना घ्यायला बांधावरून चार पावलं आत जाणार नाहीत.

काकूने तिचा हात धरून तिला आत ओढलं आणि दार लोटून घेतलं. तिच्याकडे हिरवा कागद चिकटवलेली बॅटरी होती. हिरवा उजेड झाडांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्यांची झोप न मोडता पाणी घालता येतं. त्या हिरव्या उजेडात दोघी मांडणीला वळसा घालून मागे गेल्या. मागे लोखंडी कपाट होतं, आणि जागा नव्हती म्हणून तीन कुंड्या त्या कपाटाच्या आडोशाला सरकवलेल्या होत्या.

काकूने बॅटरी विझवली. पुढचं काम डोळ्यांचं नव्हतंच. तिने एकेक ताट चिमटीत धरून खालून वर बोट फिरवलं, आणि वरच्या पेराशी बोट थांबलं. तिथे ताट जाड झालं होतं. आत काहीतरी दाटून बसलं होतं.

"हात लाव," ती कुजबुजली.

"पोटरी!" डॉक्टरीणबाई किंचाळलीच. "काकू, पोटरी धरलीय!"

"हळू. आणि ही बघ, ही पण. आडोशाच्या तिन्हींनी धरलीय. समोरच्या अकरांनी नाही. म्हणजे उजेड दारापाशी पडतो आणि कपाटामागे पोचत नाही."

"कोण येतं पण इथे? किल्ली तुमच्याकडे आणि..."

"आणि दुसरा जुडगा ऑफिसात. कुणीही घेऊ शकतं. ते शोधायचं माझ्याकडे लागलं. तू या तिघांना आधी काचघरात ने. खऱ्या उन्हाची सवय होऊ दे त्यांना, म्हणजे शनिवारी अकराच्या सुमाराला फुलं उघडतील."

"शनिवारी नऊला माळी येणार आहे, काकू. चौदाही उपटायला."

"म्हणूनच म्हणतेय, ने. आणि कुणी विचारलं तर सांग, ऊन द्यायला नेल्यात."

डॉक्टरीणबाई कुंड्या ढकलगाडीवर घालून गेली. काकू हिरवी बॅटरी घेऊन दारापाशी गुडघ्यांवर बसली आणि फरशी बघायला लागली. दाराजवळ एक स्टूल होतं. स्टुलाखाली मुंग्या होत्या. एक-दोन नव्हे, रांगच; भिंतीच्या फटीतून निघालेली, थेट स्टुलापर्यंत. भाताच्या कुंडीत मुंगीने खावं असं काही नसतं. काकूने रांगेच्या टोकाला बोट टेकवलं. बोटाला पिवळट, मऊ कण लागला. त्याच्या कडेला गुलाबी मलईचा ठिपका.

तो कण तिने कागदाच्या पुडीत बांधला आणि संध्याकाळी घरी घेऊन गेली.

काकूचा नवरा केंद्रामागच्या बेकरीत भट्टी सांभाळायचा. तीस वर्षं आगीसमोर उभं राहून माणूस तांबूस झाला होता आणि बोलायला मोजकं. काकूने त्याच्यापुढे पुडी सोडली.

"अहो, हे काय आहे बघा."

त्याने कण बोटावर घेतला, वास घेतला आणि तोंडात टाकला.

"अहो! पुरावा खाल्लात!"

"मुंगी होती एक," तो शांतपणे म्हणाला. "बाकी केक. आमचाच."

"कशावरून?"

"व्हॅनिला. मालक एका चमच्याच्या जागी दोन घालतो. आणि गुलाबी मलईचा तुकडा. हा दिवसाला आठच कापतो आम्ही. कुठे मिळाला?"

"माझ्या खोलीत. स्टुलाखाली."

नवऱ्याने मान हलवली. "मग तुम्हालाही देतात होय? मला वाटलं, उगाच सांगत असतील. रोज साडेबाराला तुमचे साहेब येतात. दोन तुकडे बांधून नेतात. म्हणतात, कर्मचाऱ्यांसाठी."

काकू खाली बसली. मग तिला हसू यायला लागलं, आणि ते येतच राहिलं. साडेबाराला ती डबा खायला फाटकाशी जाते. साडेबाराला साहेब मागच्या दाराने केक आणायला जातात. घरी कपाट कुलपात, ऑफिसात बायको शेजारच्या टेबलाशी. अख्ख्या केंद्रात जिथे कुणी फिरकत नाही अशी अंधारी, थंडगार खोली एकच. आणि अंधारात केक तोंडात जायच्या ऐवजी नाकात जायला नको, म्हणून उजेड करायचा मोबाइलचा. बरोबर लंबूच्या मध्यरात्री.

हसता हसता तिला संताप आला. हे साहेब साधेसुधे नव्हते. भाताच्या फुलोऱ्यावर पदवी घेतलेला माणूस! पदवी चौकटीत घालून डोक्याच्या वर टांगलेली. ज्याला हे सगळ्यात आधी कळायला हवं, त्याच्या ढुंगणाखाली स्टूल होतं आणि हातात दिवा, आणि निष्काळजी कोण, तर काकू.

"हेडबाईंना सांग," नवरा म्हणाला. "एका वाक्यात काम होईल."

"छे. बायकोच्या हातून मारायचं असेल तर मग माझी सव्वीस वर्षं काय कामाची? मी माझं बघते. तुम्ही उद्याही त्याला दोन तुकडे द्या."

बुधवारी साहेब गावात बैठकीला गेले होते. गुरुवारी काकू सव्वाबारालाच डब्याची पिशवी हलवत फाटकापर्यंत गेली, पहारेकऱ्याला म्हणाली, "आज मंडळींबरोबर जेवते," आणि मागून परत आली. खोलीत शिरली, आतून दाराची किल्ली फिरवली, बादली उपडी घातली आणि कपाटाला टेकून अंधारात बसली. तिने डबासुद्धा तसाच अंधारात खाल्ला.

पाऊण वाजता किल्ली फिरली. दार एवढंसं उघडलं, एक पोट आत आलं, मागून साहेब आले, दार बंद झालं. स्टूल करकरलं. कागद चुरचुरला. मग मोबाइलचा पांढरा झोत लागला आणि दारापाशीच्या लंबूच्या पानांवर असा पडला की काकू बादलीवरून अर्धी उठलीच. साहेबांनी डोळे मिटून पहिला घास घेतला. चेहऱ्यावर असं सुख, की क्षणभर काकूलाच वाटलं, जाऊ द्यावं.

क्षणभरच.

"साहेब," ती कपाटामागून म्हणाली, "मध्यरात्र आहे त्यांची. दिवा विझवा."

साहेब बोंबलले. स्टूल पडलं, केक पडला, मोबाइल उताणा पडला आणि छताकडे उजेड फेकत राहिला.

"कोण? कोण आहे?"

"निष्काळजी कामगार."

काकूने पुढे होऊन मोबाइल पालथा घातला आणि हिरवी बॅटरी लावली. हिरव्या उजेडात साहेब आजारी बेडकासारखे दिसत होते.

"तुम्ही... तुम्ही काय करताय इथे?"

"मी कामावर आहे. तुम्ही?"

"मी तपासणीला आलो होतो."

"तोंड पुसा आधी. तपासणी मिशीला लागलीय."

साहेबांनी मिशी पुसली. मग तेच स्टूल सरळ करून त्यावर बसले.

"किती वेळ बसता रोज?"

"दहा मिनिटं. फार तर पंधरा. अहो, पण दहा मिनिटांच्या उजेडाने काय होतं—" आणि साहेब मध्येच थांबले. वाक्य अर्ध्यात असतानाच त्यांना आपली पदवी आठवली असावी. त्यांनी समोरच्या झाडांकडे पाहिलं. मग कपाटाकडे. मग हळूच म्हणाले, "रात्र मोडली मी."

"आठ आठवडे. रोज, मधोमध. कपाटाआडच्या तिघांवर तुमचा उजेड पोचला नाही, ते पोटरीत आलेत. काचघरात आहेत. बोट लावून बघा."

साहेबांनी खाली पडलेला केक उचलून कागदात गुंडाळला. मग म्हणाले ते साहेबासारखं नव्हतं.

"काकू, आठ आठवडे उकडलेला दुधी खातोय मी. सकाळी दुधी, दुपारी दुधी. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते."

"म्हणून अंधारात येऊन बसलात?"

"हिला सांगू नका. पाया पडतो. तुम्हाला बढती देतो, वरच्या जागेवर—"

"साहेब!" काकूचा आवाज असा चढला की बाहेर बोळातलं मांजर पळालं. "बढती मला सव्वीस वर्षांत द्यायची होती, केकासाठी नाही. मी कुणाला सांगणार नाही. चहाड्या करायला मला वेळ नाही. पण सोमवारच्या कागदावर तुम्ही जे लिहिलंय ते तुमच्या हाताने खोडा. कागद जसा फिरवलात तसाच फिरवा, सगळ्या टेबलांवर. आणि या अकरांना दोन महिने द्या. त्यांनी काही पाप केलेलं नाही."

"आणि कारण काय लिहू?"

"खरं लिहा. नाहीतर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा. साहेब तुम्ही आहात."

साहेबांनी कारण लिहिलं ते साहेबी भाषेत: 'खोलीत अनधिकृत प्रकाश आढळून आल्याने पूर्वीचा आदेश रद्द, कामगाराचा दोष नाही, खोली दोन महिने पुढे चालू.' प्रकाश आढळून आला! जणू स्वतःच चालत आला होता. पण कागद टाइप करायला गेला हेडबाईंकडे, आणि हेडबाईंनी टाइप करायच्या आधी तो हातात धरून सगळ्या ऑफिससमोर विचारलं, "कुणाचा प्रकाश?"

काकू कोपऱ्यात उभी होती. तिने छताकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईने चष्मा पुसायला घेतला. साहेब लाल होत गेले, लालचे जांभळे झाले, आणि मग फुटलेच.

"माझा. माझ्या मोबाइलचा. मी तिथे केक खायला बसायचो. गुलाबी मलईचा. दोन तुकडे. आता बोल काय बोलायचं ते."

हेडबाई उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, आता साहेबांची काही खैर नाही. पण हेडबाईंनी टेबलाला धरलं आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"केक?" त्या म्हणाल्या. "नुसता केकच ना?"

"नुसता... म्हणजे काय?"

"आठ आठवडे तुमच्या शर्टाला गोड वास येतोय! दुपारी पंधरा मिनिटं गायब! मी म्हटलं, या वयात कुठली सटवी गाठली की काय! मी रात्र रात्र जागून काढल्या, आणि हा मेला व्हॅनिला होता?"

आणि त्या हसायला लागल्या ते खुर्चीत कोसळेपर्यंत. मग दारात आलेला पहारेकरी हसला, धाकटी कारकून हसली, शेवटी साहेबही ओशाळवाणं हसले. हसून झाल्यावर हेडबाईंनी डोळे पुसले, कागदावरचे 'अनधिकृत प्रकाश आढळून आल्याने' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं: 'साहेबांच्या चुकीमुळे'. "सही करा," त्या म्हणाल्या. साहेबांनी सही केली. "आणि उद्यापासून रोज काचघरात उभं राहायचं, काकू सांगतील ते काम करत. राबाल तेवढी साखर उतरेल."

शुक्रवारी संध्याकाळी काकूने ठेंगूची फुलं तयार केली. शेंडे कात्रीने छाटले, एकेका फुलातून सहा-सहा केसर उपसले, पन्नास फुलं, आणि लोंबीवर कागदी पिशवी चढवली. शनिवारी नऊला माळी फावडं घेऊन आला तो नव्या कागदाकडे बघून परत गेला. दहापर्यंत लंबूच्या तिन्ही लोंब्या बाहेर आल्या होत्या, पण फुलं मिटलेली. साडेदहा. पावणेअकरा. डॉक्टरीणबाई नखं खात होती. साहेब दोन्ही हातांनी ठेंगूची कुंडी तिरकी धरून उभे होते. ती हलली की पराग भलतीकडे जातो, म्हणून त्यांना ताकीद होती.

"काकू, माझे हात भरून आले."

"माझे सव्वीस वर्षं भरून येतायत. हलू नका."

अकरा वाजून पाच मिनिटांनी वरचं पहिलं फूल उघडलं. मग खालचं, मग एकदम दहा-बारा. आतून पिवळे केसर लोंबायला लागले. काकूने लंबूची लोंबी हलकेच वाकवली, ठेंगूवरची पिशवी काढली आणि बोटाची एक टिचकी मारली. दिसेल न दिसेल असा पिवळा धुरळा उडाला आणि छाटलेल्या फुलांवर बसला. आणखी एक टिचकी. आणखी एक.

"शिंक येतेय," साहेब पुटपुटले.

"आली तर आवक-जावकला बसवीन," काकू म्हणाली.

साहेबांनी शिंक गिळली. ती कुठे गेली कुणास ठाऊक, डोळ्यांतून पाणी मात्र आलं. काकूने पिशवी परत चढवली, तारीख लिहिली, आणि मगच सगळ्यांनी श्वास सोडला.

दहाव्या दिवशी पिशवी काढली. पन्नासातली एकतीस फुलं भरली होती. काकूने त्यातला एक दाणा, एकच, नखांत धरून हळूच दाबला. पांढरं दूध नखावर आलं. डॉक्टरीणबाईने काकूला मिठीच मारली आणि चष्मा खाली पडला, तो साहेबांनी उचलला.

उरलेल्या अकरांना रोज सलग चौदा तासांची रात्र मिळायला लागली आणि पाचव्या आठवड्यात त्यांनीही पोटरी धरली. त्याच आठवड्यात साहेब एका बड्या पाहुण्याला घेऊन भर दुपारी जिन्याखालच्या बोळात आले. पाहुण्याला ती दिवसा रात्र पाडणारी खोली बघायची होती. दारात काकू बादली उपडी घालून बसली होती. ती उठली नाही.

"काकू, जरा दार उघडता का? फार लांबून आलेत हे."

"उघडीन की," काकू म्हणाली. "संध्याकाळी आठला या. आत्ता सगळे झोपलेत."

साहेबांनी पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला हळूच मागे फिरवलं. "चला," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तोवर आपण चहा घेऊ. बिनसाखरेचा."